धामच्या काठी : आधी मर्यादा, मग प्रसिद्धी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



‘वर्धा जिल्ह्याचा पर्यटन विकास आणि आपला समाज’ या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली. मी पर्यटनशास्त्राचा जाणकार नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तथापि, व्यापाऱ्याला एक गोष्ट कळते : मुद्दल कोणते आणि व्याज कोणते. व्याजावर घर चालते. मुद्दलाला हात लागला की पेढी बुडते. आजच्या विषयाकडे मी याच दृष्टीने पाहणार आहे.

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेने निघाले की सुमारे आठ किलोमीटरवर पवनार लागते. पुलावरून धाम नदीचे पात्र दिसते, पात्रातील काळे खडक दिसतात, आणि पलीकडच्या उंचवट्यावर आचार्य विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम दिसतो. आपल्यापैकी प्रत्येकाने हा पूल शेकडो वेळा ओलांडला असेल. परंतु ओळखीच्या वस्तूकडे आपण नीट पाहत नाही. म्हणून प्रथम या स्थानाचे माहात्म्य थोडक्यात सांगतो.

वाकाटक नरेश दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच आजचे पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. ज्या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आहे, त्याच्या नगरीचा मान या गावाला दिला जातो. आपली आगमेही प्राकृतात आहेत, त्यामुळे हे नाते आपल्याला विशेष जवळचे वाटावे. पुढे आश्रमाच्या भूमीत खोदकाम करताना प्राचीन शिल्पे हाती आली. त्यांतील भरत-राम भेटीचे शिल्प विनोबांनी श्रद्धापूर्वक आश्रमात स्थापिले.

७ मार्च १९३८ रोजी, प्रकृती अत्यंत क्षीण झालेली असताना, विनोबा जमनालालजी बजाज यांच्या पवनार येथील बंगल्यात राहावयास आले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातील सर्व कार्यभाराचा त्याग केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. महात्माजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी तो सत्याग्रह सुरू झाला तो याच पवनारात. महात्माजींच्या निर्वाणानंतर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांच्या अस्थींचे विसर्जन धाम नदीत झाले. तेव्हापासून दर वर्षी १२ फेब्रुवारीला येथे सर्वोदय मेळा भरतो आणि लोक हाताने कातलेल्या सुताच्या गुंड्या बापूंना अर्पण करतात. कापडाच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला ते दृश्य नम्र करून सोडते.

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या बहिणी येथे सामूहिक साधना करतात, शेती, स्वयंपाक, सफाई ही सर्व कामे स्वतःच्या हातांनी करतात आणि आश्रमाचे निर्णय सर्वसंमतीने घेतात. हे वस्तुसंग्रहालय नव्हे. साधकांचे राहते घर आहे. पर्यटनाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे.

आता आपल्या समाजाचा या स्थानाशी असलेला संबंध. आपली संस्था भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, १९७५ साली स्थापन झाली. त्याच महोत्सवाच्या निमित्ताने जैन धर्माच्या सर्व आम्नायांना मान्य होईल असा एक ग्रंथ सिद्ध झाला, तो म्हणजे ‘समणसुत्तं’. त्यामागील आग्रह विनोबांचा होता. पवनारला बसून ते आपल्या समाजाला वारंवार सांगत होते की, तुमचे आगम अनेक आहेत, परंतु सर्वांना मान्य असे एक सारभूत पुस्तक तुम्ही जगाला द्या. क्षुल्लक जिनेंद्र वर्णी यांनी संकलनाचे कष्ट उपसले. २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्ली येथे संगीती भरली. मुनी विद्यानंद, मुनी सुशीलकुमार, मुनी जनकविजय, मुनी नथमल असे भिन्न आम्नायांचे मुनी एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ग्रंथ सर्वमान्य झाला. दिगंबर-श्वेतांबर, मंदिरमार्गी-स्थानकवासी-तेरापंथी असे सगळे एका पुस्तकापाशी आले, आणि त्यांना एकत्र आणणारी प्रेरणा आपल्या घरापासून आठ किलोमीटरवर होती. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न, औषध व पाणी यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी देह ठेवला. तो दिवस दीपावलीचा, म्हणजे आपल्या महावीर निर्वाणाचा होता. सल्लेखनेची परंपरा जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. त्यांचा अंत्यसंस्कार धामच्या काठीच झाला.

अशा स्थानी लोक यावेत, हे योग्यच आहे, आणि ते येतही आहेत. महात्माजींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने शासनाने अडीचशे कोटींहून अधिक रुपयांचा सेवाग्राम विकास आराखडा हाती घेतला आणि त्यात पवनारच्या धाम नदीकाठाच्या सुशोभीकरणाचाही समावेश केला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाला. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग काढण्याची योजनाही शासनाने जाहीर केली. तिच्या आखणीवरून ठिकठिकाणी वाद झाले, त्यात मी शिरत नाही. मात्र वर्ध्याकडे येणारे रस्ते रुंद होत आहेत, हे निश्चित.

परंतु रस्ता दोन्ही दिशांनी जातो. आजचा पाहुणा नागपूरहून मोटारीने येतो, नदीकाठी अर्धा तास थांबतो, छायाचित्रे काढतो, पाण्याची रिकामी बाटली तेथेच टाकतो आणि जेवावयास नागपूरला परततो. याचा जमाखर्च मांडा. जमेच्या बाजूला गावाच्या पदरी एखादा चहाचा पेला पडतो, आणि खर्चाच्या बाजूला केरकचरा, गोंगाट व आश्रमाच्या साधनेत व्यत्यय. माणसांची संख्या वाढली म्हणजे पर्यटन वाढले, असे आपण समजतो. व्यवहार तसा नाही. दुकानात गर्दी झाली म्हणजे विक्री झाली असे नव्हे; गिऱ्हाईक किती वेळ बसले आणि काय घेऊन गेले, यावर पेढी चालते.

येथे मला माझाच एक अपराध कबूल करावयाचा आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी घरच्या लग्नासाठी बाहेरगावची चाळीस-पन्नास पाहुणे मंडळी आली होती. त्यांना वर्धा दाखवावे म्हणून मी दोन गाड्या करून सर्वांना पवनारला नेले. नदीकाठी जेवणाच्या पंगती बसल्या. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले, कंदमूळ वर्ज्य होते, पिण्याचे पाणी गाळून आणले होते. आमच्या दृष्टीने सर्व शास्त्रशुद्ध. जेवण आटोपल्यावर थर्मोकोलची ताटे आणि प्लास्टिकचे पेले खडकांत तसेच सोडून आम्ही गाडीकडे वळलो. मागे वळून पाहिले तर आश्रमातील एक वृद्ध बहीण वाकून एकेक ताट उचलत होती. ती रागावली नाही, एक शब्दही बोलली नाही. मी धावत जाऊन उरलेली ताटे गोळा केली, परंतु तोवर काही पाण्यातून पुढे वाहून गेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या शास्त्रात पाणी हे केवळ जीवांचे आश्रयस्थान नाही; अप्काय म्हणजे पाणी हाच ज्यांचा देह आहे, असे जीव मानलेले आहेत. माझ्या दुकानातून पाणी गाळण्यासाठी जाडे सुती कापड नेणाऱ्या माता-भगिनी आजही येतात. ते कापड दुहेरी करून पाणी गाळायचे आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीतून वा नदीतून पाणी आणले त्याच ठिकाणी हळुवार परत सोडायची, ही आपली परंपरा आहे. जेथून घेतले, तेथील जीव तेथे सुखरूप पोहोचवायचा. घरातील कळशीपुरता हा धर्म आपण पाळला. नदीपाशी गेल्यावर विसरलो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या ताटांवर बंदी घातली. जे काम धर्माने करावयाचे, त्यासाठी आम्हाला कायद्याची वाट पाहावी लागली.

बंधू-भगिनींनो, धामचे पाणी काही परके नाही. वर्धा शहराच्या नळांना येणारे पाणी येळाकेळी आणि पवनार येथे याच नदीतून उचलले जाते. त्याच नदीत आपण मूर्ती विसर्जित करतो, निर्माल्य टाकतो आणि तेच पाणी घरी येऊन गाळून पितो. ही विसंगती आता तरी संपली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग पर्यटन नकोच. माझे म्हणणे तसे नाही. डिसेंबर २०२२ मधील दिवस आठवा. श्री सम्मेद शिखरजी हे पर्यटनस्थळ होणार, या वार्तेने देशभरातील जैन समाज रस्त्यावर आला. आपल्यापैकी अनेकांनी दुकाने बंद ठेवली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये पारसनाथ डोंगराच्या परिसरासाठी काढलेल्या अधिसूचनेतील पर्यटनविषयक तरतुदींवर आपला आक्षेप होता. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र शासनाने तेथील पर्यटन व पर्यावरण-पर्यटनाच्या सर्व उपक्रमांना स्थगिती दिली, आणि देखरेख समितीवर जैन समाजाचे दोन व स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य घेण्यास सांगितले. तेव्हा आपण काय म्हणत होतो? ‘हे आमचे तीर्थ आहे, सहलीचे ठिकाण नव्हे.’ यात्रेकरूंना आपण कधीच अडवले नाही. यात्रेकरू आणि सहलीला आलेला मनुष्य यांच्यात भेद आहे, एवढेच आपण सांगत होतो.

मग माझा नम्र प्रश्न असा की, जो न्याय आपण शिखरजीसाठी मागितला, तो धामच्या काठाला आपण देणार की नाही? आपल्या तीर्थासाठी एक माप आणि दुसऱ्याच्या तीर्थासाठी दुसरे, असे असू शकत नाही. दोन गज ठेवणाऱ्या दुकानाला आपण काय म्हणतो, ते मी या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

तीर्थाची व्यवस्था कशी ठेवावी, हे आपल्याला दुसऱ्या कोणाकडून शिकण्याचे कारणही नाही. पालिताण्याच्या शत्रुंजय पर्वतावर शेकडो मंदिरे आहेत, परंतु सूर्यास्तापूर्वी सर्वांनी खाली उतरायचे, रात्री वर कोणी मुक्काम करायचा नाही, अशी मर्यादा आहे. चातुर्मासात तर यात्राच बंद असते. धर्मशाळा, भोजनशाळा, बाजारपेठ हे सारे पायथ्याशी. डोंगर मोकळा राहतो आणि गावाचा निर्वाहही चालतो. अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे, गुणव्रतांत दिग्व्रत आहे : किती ठेवायचे, कोठवर जायचे, याची सीमा आधी आखून घ्यायची. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९७० रोजी याच पवनारात क्षेत्रसंन्यास घेतला, तेही या दिग्व्रताचेच रूप म्हणता येईल. भारतभर पायी फिरलेल्या पुरुषाने स्वतःला एका नदीकाठापुरते मर्यादित केले. त्या नदीकाठाच्या विकासाचे सूत्र याहून वेगळे कसे असेल? आधी मर्यादा आणि मग प्रसिद्धी.

आता व्यवहाराकडे येतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून धामच्या काठी जागा घेऊन वातानुकूलित यात्री-निवास आणि सभागृह बांधावे, अशी सूचना काही आदरणीय बंधूंनी केली आहे. त्यांचा हेतू उदात्त आहे आणि वयाने, अनुभवाने ते मला वडीलधारे आहेत. तरीही मी हात जोडून सांगतो की, ते करू नये. काठावर एक इमारत उभी राहिली की शेजारी दुसरी उभी राहते, सांडपाणी नदीत उतरते, आणि लोक जी शांतता अनुभवावयास येतात, तीच उरत नाही. हा मुद्दलाला हात घालण्याचा व्यवहार आहे. उलट आपली शहरातील धर्मशाळा पर्युषण आणि लग्नसराई सोडली तर बहुतेक काळ रिकामी असते. पायथा तयार आहे. आपण डोंगरावर का बांधावे?

त्याऐवजी मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. धर्मशाळेचे दार महात्माजी व विनोबा यांच्या दर्शनार्थ येणाऱ्या कोणत्याही धर्माच्या यात्रेकरूला उघडावे. २ ऑक्टोबरच्या गांधी जयंतीपासून १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्यापर्यंतचा काळ यासाठी उत्तम. नियम आपलेच राहतील : शाकाहार, सूर्यास्तापूर्वी भोजन, व्यसनाला मज्जाव. आपला जिल्हा अनेक दशकांपासून दारूबंदीचा आहे. मद्याशिवाय पर्यटन चालत नाही, असे म्हणणाऱ्यांना वर्ध्याने उत्तर द्यावे. सहकुटुंब निर्धास्त राहता येते, हीच आपल्या गावाची जाहिरात ठरेल.

दुसरी गोष्ट. अर्ध्या तासाचा पाहुणा एक रात्र थांबेल, असा क्रम आखून द्यावा. दुपारी वर्ध्यात मगन संग्रहालय, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप आणि १९२८ साली जमनालालजींनी हरिजनांसाठी खुले केलेले लक्ष्मीनारायण मंदिर. सायंकाळी सेवाग्राम आश्रमाची प्रार्थना. मुक्काम धर्मशाळेत. पहाटे पवनार, तेही लहान तुकड्यांनी आणि आश्रमातील बहिणींनी ठरवलेल्या वेळीच. ज्यांना आणखी एक दिवस आहे, त्यांना बोर व्याघ्र प्रकल्प आहे. आपले साधर्मिक रामटेकच्या शांतिनाथांचे दर्शन घेऊन भद्रावतीच्या केशरिया पार्श्वनाथांकडे जातात, तेव्हा वर्धा त्यांच्या वाटेजवळच असते. त्यांच्या संघांना पत्रे पाठवून येथे मुक्कामाचे निमंत्रण द्यावे. प्रसिद्धीचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट. आपल्या तरुण-तरुणींनी मार्गदर्शक व्हावे. मराठी, हिंदी, गुजराती, मारवाडी या भाषा आपल्या घरांत बोलल्या जातात आणि इंग्रजी मुलांनी शाळेत आत्मसात केली आहे. समणसुत्तंची हकीकत सांगणारा वर्ध्याचा जैन तरुण धामच्या काठी उभा राहिला तर पाहुण्यालाही नवे काही कळेल आणि त्या तरुणालाही स्वतःचा वारसा उमगेल. भोजनशाळेतील धान्य, भाजीपाला, दूध पवनार आणि आसपासच्या गावांतून घ्यावे, म्हणजे पर्यटनाचा पैसा नदीकाठच्या शेतकऱ्याच्या घरी पोहोचेल.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. संस्थेने धाम नदीची सेवा हे आपले नित्यव्रत मानावे. संस्थेशी संबंधित कोणत्याही कुटुंबाने नदीत निर्माल्य वा मूर्ती सोडू नये, असा ठराव करावा. महिन्यातून एक सकाळ, यतनापूर्वक, जीवजंतूंना इजा न होईल अशा रीतीने काठाची स्वच्छता करावी. आणि धर्मशाळेतून पवनारला जाणाऱ्या प्रत्येक गटाला स्टीलची ताटे-वाट्या विनामूल्य द्याव्यात, परत आणण्याच्या अटीवर. पहिली दोनशे ताटे आमच्या कुटुंबाकडून संस्थेला येतील. यात दानाचा भाव नाही. हे जुने देणे आहे, पंचवीस वर्षे थकलेले.

यातील कोणत्याही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. शासनाने रस्ते बांधावेत, घाट बांधावेत. ते त्याचे कार्य आहे. आलेल्या माणसाला कसे वागवायचे आणि त्याला नदीपाशी कसे वागावयास शिकवायचे, हे शासकीय आराखड्यात बसत नाही. ते समाजाचे कार्य आहे. या कार्याचा अनुभव आपल्या समाजाला शेकडो वर्षांच्या तीर्थयात्रांनी दिलेला आहे.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी ही संस्था स्थापन केली, तेव्हा पवनारच्या काठावर बसलेला एक वृद्ध संत आपल्याच समाजाला एकत्र आणण्याची चिंता वाहत होता. तो जन्माने जैन नव्हता. तरी त्याने आपल्या घराची काळजी घेतली. आता त्याच्या घराची, त्याच्या नदीची काळजी घेण्याची पाळी आपली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत बांधकामाचा विषय येईल, तेव्हा मत देण्यापूर्वी आपण एकदा पवनारला जाऊन, मोटार पुलाअलीकडे ठेवून, काही वेळ शांत बसून यावे, एवढीच माझी विनंती आहे.

बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.